गोट्यांमधली जागा

2 मिलिमीटरपेक्षा मोठे, घासून गोल झालेले खडेगोटे ज्यात भरपूर, तो खडक म्हणजे पिंडाश्म. तेच खडे धारदार कोपऱ्यांचे असतील, तर कोणाश्म. नाव देणं सोपं आहे. हा सगळा माल इथे आणला कोणी, हे सांगताना खरी कसोटी लागते.

आपली नजर आधी गोट्यांवर जाते. जरा त्यांच्यामधली जागा पाहा. समजा, ही एक दरड. इथे गोट्याला गोटा टेकलाय आणि फटींत वाळू आहे. वाहत्या पाण्याने बारीक गाळ पुढे नेला, जड माल मागे टाकला. चपटे गोटे तर कौलांसारखे एकमेकांवर रेललेत. त्यांचा उतार ज्या बाजूला, तिकडून पाणी आलं. अर्थात, थर नंतर कलले असतील तर आधी तो हिशेब वजा करायचा.

आता ही दुसरी दरड. इथले गोटे एकमेकांना शिवतही नाहीत, घट्ट चिखलात रुतून बसलेत. नखाएवढ्या खड्याशेजारी टेबलाएवढा धोंडा! नदी माल निवडत जाते, इथे निवड झालेलीच नाही. डोंगरावरून आलेला चिखलाचा लोंढा असेल किंवा हिमनदी. ओरखडे उठलेले, एका बाजूने घासून सपाट झालेले गोटे मिळाले, तर पारडं बर्फाकडे झुकतं.

ओडिशातल्या तालचेरचे सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचे थर असेच. इतक्या बारीक गाळात एवढाले धोंडे आले कसे, या कोड्यातूनच 1856 मध्ये तिथे बर्फाची कल्पना मांडली गेली. ओरखड्यांचा पुरावा नंतर हाती आला.

गोलाईवर मात्र फार विसंबू नये. जुना पिंडाश्म झिजला की त्यातले गोल गोटे सुटतात आणि नव्या थरात जाऊन बसतात. अशा गोट्याची गोलाई आधीच्याच कुठल्या तरी प्रवासातली असते.

तरी कधीकधी तीच गोलाई निर्णायक ठरते. 2012 मध्ये क्युरिऑसिटी यानाला मंगळावरच्या गेल विवरात पिंडाश्म दिसला. गोल खडे 2 ते 40 मिलिमीटरचे. त्यातले मोठे खडे वाऱ्याने वाहून नेणं शक्यच नव्हतं. शास्त्रज्ञांचा पहिला अंदाज असा होता: पाणी घोट्यापासून कमरेपर्यंत खोल, आणि वेग माणसाच्या चालीइतका.