औषध सुरू करण्याआधीचे ते दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

कॅन्सरचं निदान झालं की घरातल्यांचा पहिला प्रश्न असतो, "औषध कधी सुरू करायचं?" आणि डॉक्टर सांगतात, "जरा थांबा. गाठीच्या तुकड्यावर आणखी काही तपासण्या व्हायच्या आहेत." त्या क्षणी हे थांबणं जिवावर येतं. पण त्या तपासण्यांमध्ये बायोमार्कर शोधला जात असतो. बायोमार्कर म्हणजे त्या गाठीच्या पेशींमधला एखादा जनुकीय बदल किंवा एखादं प्रथिन, ज्यावरून कोणतं औषध लागू पडेल याचा अंदाज बांधता येतो. तब्येत साथ देत असेल तर हे दिवस थांबलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. का, ते सांगतो.

फुप्फुसाच्या कॅन्सरवर जेफिटिनिब नावाची गोळी आली. ईजीएफआर या प्रथिनाकडून पेशीला वाढीचा जो संदेश जातो, तो ही गोळी अडवते. सुरुवातीला बऱ्याच रुग्णांना तिचा काहीच उपयोग होत नव्हता, आणि थोड्या जणांची गाठ मात्र झपाट्याने आकसत होती. याचं कोडं २००४ मध्ये उलगडलं. ज्यांना गुण येत होता त्यांच्या गाठीत ईजीएफआरच्या जनुकात विशिष्ट बदल सापडले.

मग पूर्व आशियात एक मोठी चाचणी झाली. आयपास हे तिचं नाव, निष्कर्ष आले २००९ मध्ये. तिच्यात रुग्ण घेतले होते ते बाह्य लक्षणांवरून: धूम्रपान न केलेले किंवा फार थोडं केलेले, आणि ॲडेनोकार्सिनोमा या प्रकारचा कॅन्सर असलेले. काहींना ही गोळी दिली, काहींना केमोथेरपी. नंतर ज्यांच्या गाठीचे नमुने मिळाले त्यांची जनुकं तपासली. बदल असलेल्यांमध्ये गोळीने शंभरातल्या ७१ जणांची गाठ लक्षणीय आकसली. केमोथेरपीने ४७ जणांची. बदल नसलेल्यांमध्ये गोळीने जेमतेम एकाची आकसली, केमोथेरपीने तेविसांहून अधिक जणांची. म्हणजे "देऊन तर बघू, लागली तर लागली" असं म्हणून ती गोळी दिली असती, तर बदल नसलेल्या माणसाची केमोथेरपीची संधी लांबली असती आणि तोवर आजार पुढे गेला असता. आणि इतकं पारखून घेतलेल्या रुग्णांमध्येही, तपासलेल्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांत तो बदल नव्हताच. वय, सवयी, गाठीचा प्रकार पाहून केलेला तर्क इथे पुरत नाही.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये गोष्ट उलटी आहे. तिथे केरास नावाच्या जनुकात बदल सापडला, तर सेटुक्सिमॅब हे औषध सहसा देत नाहीत. ते औषध ईजीएफआरला अडवतं, पण केरास वाढीच्या संदेशाच्या त्याच साखळीतला पुढचा दुवा. तोच बिघडून सतत चालू राहिला, तर मागे अडवून काय होणार? इथे तपासणी रुग्णाला निरुपयोगी औषधापासून आणि अंगावर उठणाऱ्या पुरळापासून वाचवते. मला हा उपयोगही तितकाच मोलाचा वाटतो.

बरं, मार्कर सापडला म्हणून काम झालं असंही नाही. बीराफ जनुकातला एकच बदल मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्येही सापडतो आणि आतड्याच्याही. मेलानोमात बीराफ अडवणाऱ्या औषधाने निम्म्या रुग्णांच्या गाठी आकसतात, आतड्यात ते एकट्याने जवळपास निष्प्रभ ठरतं. बीराफ अडवला की आतड्यातल्या पेशी ईजीएफआरला जागं करतात आणि वाढ चालू ठेवतात. म्हणून तिथे दोन्ही वाटा एकदम अडवाव्या लागतात.

आता थोडं प्रयोगशाळेत जाऊ. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-टू हे प्रथिन तपासतात. गाठीचा तुकडा मेणात बसवून ब्लॉक म्हणजे ठोकळा करतात, त्यातून काढलेला पातळ काप काचेवर घेऊन रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. प्रथिन भरपूर असेल तर पेशींभोवती ठळक तपकिरी कडं दिसतं. तो झाला गुण तीन, म्हणजे पॉझिटिव्ह. शून्य किंवा एक आला तर निगेटिव्ह. मधला दोन आला की निर्णय होत नाही, मग फिश नावाच्या तपासणीने जनुकाच्या प्रती मोजतात. हे सगळं तो तुकडा कसा जपला यावर अवलंबून असतं. शस्त्रक्रियेनंतर तो लवकर फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रवात, जायला हवा, आणि तिथे किमान ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास राहायला हवा. हाडातून घेतलेला तुकडा मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं, तर डीएनए तुटतो आणि जनुकीय तपासणी फसू शकते. एवढ्याशा गोष्टीवर कुणाचं तरी औषध अडतं, म्हणून ती काटेकोरपणे पाळली गेली पाहिजे.

औषध लागू पडल्यावरही गाठ बदलत राहते. जेफिटिनिबसारख्या गोळीने काही काळ बरं वाटून आजार पुन्हा वाढला, तर जवळपास निम्म्या रुग्णांत टी सात नव्वद एम हा नवा बदल आढळतो. त्यावर ओसिमर्टिनिब हे औषध चालतं. म्हणून पुन्हा तपासणी सांगितली की पहिली वाया गेली असं समजू नका. ती रक्तावरही करता येते. रक्तात बदल सापडला तर त्यावर विसंबता येतं. सापडला नाही तर मात्र तो गाठीत नाहीच असं म्हणता येत नाही. शक्य असेल तर तुकडा पुन्हा घ्यावा लागतो.

तेव्हा रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना विचारा: नमुन्यात कॅन्सरच्या पेशी पुरेशा होत्या का? कोणकोणती जनुकं तपासली? ब्लॉकमध्ये पुढच्या तपासणीपुरता गाठीचा तुकडा उरला आहे का? आणि "नमुना अपुरा" असं लिहिलं असेल तर त्याला निगेटिव्ह समजून पुढे जाऊ नका. त्याचा अर्थ तपासणी अजून व्हायची आहे एवढाच.

नमस्कार.