स्लॅबखालचा पऱ्या

[दृश्य: एप्रिलची दुपार, बाजारपेठ. रस्त्यातल्या चेंबरची जाळी.]

एप्रिल संपत आलाय. वरच्या वाड्यांना टँकर सुरू झालेत. आणि इथे भर बाजारात, या जाळीपाशी वाकलं, की खालून वाहत्या पाण्याचा आवाज येतो. सांडपाणी तर आहेच, ते वासावरून कळतं. पण नळाला पाणी नसतानाही हा आवाज थांबत नाही. इथे रस्त्याखाली पऱ्या आहे, म्हणजे आमच्याकडचा ओढा.

[दृश्य: शहरामागचा सडा, म्हणजे कातळाचं पठार. उन्हाने करपलेलं गवत, काळा कातळ.]

तो येतो इथून. रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुष्कळसा धो धो वाहून जातो, पण जांभा हा भोकाभोकांचा दगड, थोडं पाणी पोटात घेतोच. मुरत मुरत ते चिकणमातीच्या थराला लागतं, तिथून आडवं सरकतं आणि उताराच्या पायथ्याला झरा होऊन फुटतं. म्हणून पाऊस गेला तरी पऱ्या लगेच आटत नाही.

[दृश्य: वाडीतला साकव, ओढ्यावरचा छोटा पूल. पाण्यातला दगड हलतो, खालून मुठा (खेकडा) निसटतो.]

हा वरचा तुकडा अजून उघडा आहे. माडाच्या मुळांनी धरलेला काठ, जांभ्याची पाखाडी म्हणजे दगडी पायवाट, आणि दगडाखाली मुठे. पाऊस ओसरला की वाडीतली माणसं दगडमातीचा बंधारा घालतात, त्यावर मुळा-माठाचे वाफे निघतात. मृगाच्या पहिल्या लोंढ्याला चढणीचे मासे इथवर यायचे. आता येत नाहीत. खाली पऱ्या पाइपातून जातो, आणि पाइपाचं तोंड खालच्या पात्रापेक्षा हातभर उंच. तेवढी उडी माशाला झेपत नाही.

[दृश्य: पऱ्या गॅरेजच्या भिंतीआड जातो. पुढे फक्त काँक्रीट.]

झाकला का, तर झाकायला कारणं होती. वाड्यांचं सांडपाणी पऱ्यात सुटलं. डास झाले, वास येऊ लागला, आणि काठावरच्या लोकांनीच स्लॅबची मागणी केली. आधी दोन्ही बाजूंना भिंती आल्या, मग वर स्लॅब, स्लॅबवर दुचाक्या, भाजीवाले, रिक्षा स्टँड. कागदोपत्री ही जागा सरकारची: महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, कलम 20, नदी-नाल्यांची पात्रं राज्य शासनाच्या मालकीची. वापर मात्र ज्याला जमला त्याचा.

[दृश्य: बॅटरीच्या उजेडात स्लॅबखालचा भाग.]

जरा आत बघू. तळाला गाळ, त्यात रुतलेली नारळाची सोडणं, पिशव्या, एक अख्खी झावळ. मध्येच भिंत फोडून आडवी घातलेली पाण्याची लाइन. तिच्यावर कचऱ्याचा मोठा झुबका अडकलाय, आणि मागे पाणी तुंबलंय.

उघड्या पऱ्याला पाणी वाढलं की तो काठ सोडून पसरतो. बंद पेटीला पसरायला जागाच नाही. पाणी छताला टेकलं की चौथी बाजूही घासायला लागते आणि वाहण्याचा वेग उलट कमी होतो. मग मागचं पाणी चेंबरातून वर येतं. दुकानदार सांगतात ते बरोबर आहे: आमच्याकडे पाणी दारातून येत नाही, लादीखालून येतं.

2021 च्या जुलैत चिपळूण बुडालं. त्यानंतर वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढावा म्हणून लोकांना उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा यंत्रं पात्रात उतरली. नदी निदान दिसते तरी. इथे पोकलेन उतरवायचा कुठे? मेमध्ये चार चेंबरं उघडतात, हात पोचेल तेवढा गाळ काढतात, आणि तो रस्त्याकडेला वाळत घालतात. पहिल्या सरीला त्यातला निम्मा परत आत.

[दृश्य: खाडीचं मुख. पऱ्या जिथून बाहेर पडतो त्या मोरीत भरतीचं पाणी शिरतंय.]

आणि ही भरती. मच्छीमारांचा ढोबळ हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. म्हणजे गणपतीत पंचमीला, दीड दिवसाच्या विसर्जनाला, पावणेचार. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास, आणि तेव्हाच उधाणही, म्हणजे सगळ्यात मोठी भरती. नेमका त्याच वेळी वर सड्यावर पाऊस कोसळत असेल, तर मोरीचं तोंड खाडीने बंद केलेलं असतं.

पूर्वी हे पाणी खाजणात, खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत, थांबायचं. पाच-सहा तासांनी ओहोटी लागली की निघून जायचं. खाजणात भराव पडला, इमारती आल्या. आता मुखाशी झडप बसवा, असं सुचवतात. झडपेने खाडी आत येणार नाही, हे खरं. पण भरती उतरेपर्यंत पऱ्याने थांबायचं कुठे, याचं उत्तर झडपेत नाही.

[दृश्य: पुन्हा वरची वाडी. काठावर मोजणीच्या चुन्याच्या रेषा.]

सध्या हा उघडा तुकडाही झाकायचं चाललंय. मागणी वाडीचीच आहे, आणि तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. वास त्यांच्या ओटीवर येतो. पण घराघरांचं सांडपाणी वेगळ्या पाइपातून नेलं, तर झाकायचं कारणच बरंचसं उरत नाही. तो खर्च स्लॅबच्या अंदाजपत्रकाशेजारी मांडायला हवा. आणि तरीही झाकायचाच असेल, तर एकसंध स्लॅब नको. माणसांना उचलता येतील अशा लाद्या टाका, आणि त्यांच्यावर रिक्षा स्टँड देऊ नका.