मोजक्या डॉलरांत पोटभर

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेतल्या कुठल्याही मध्यम गावात जा. हायवे सोडून आत वळलं की दुकानांची एक लांबलचक बैठी रांग दिसते आणि तिच्यापुढे भलंमोठं पार्किंग. त्या रांगेत एक लॉन्ड्री असते, नखं रंगवून देणारं एक दुकान असतं, औषधांचं एक दुकान असतं, आणि टोकाला लाल पाटीचं चायनीज बुफे. दारात माशांची टाकी, गल्ल्याजवळ हात हलवणारं सोनेरी मांजर. टेबलावर कागदी मॅट आणि तिच्यावर उंदरापासून डुकरापर्यंत बारा प्राण्यांचं चिनी राशिचक्र. एकदा पैसे भरायचे आणि मन भरेपर्यंत जेवायचं. दुपारचा दर कमी, रात्रीचा थोडा जास्त, लहान मुलांना वयाप्रमाणे सूट.

मी ओहायो राज्यातल्या अशाच एका गावात राहते. आमचं बुफे मी इथे येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. रेक्झिनच्या खुर्च्यांवर टाके घातलेत, गालिचा विटलाय, पण दुपारी बारा वाजता टेबल रिकामं मिळायची मारामार. स्वस्त जेवणाला नाक मुरडायची एक पद्धत आहे. स्वस्त म्हणजे काहीतरी कमी, काहीतरी खोटं, असं आपण सहज धरून चालतो. या जागेबद्दल मला मात्र मनापासून आदर आहे, आणि तो का आहे तेच आज सांगायचं आहे.

आधी पदार्थांकडे वळू. गरम पाण्यावर ठेवलेले स्टीलचे ट्रे, त्यांच्यावर तिरपी काच. आपण वाकून वाढून घेताना श्वास, शिंक अन्नावर पडू नये म्हणून ही काच. जॉनी गार्नो नावाच्या एका अमेरिकी हॉटेलवाल्याने १९५९ साली अशा झाकलेल्या टेबलाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. काचेखाली अंड्याचं पातळ सूप, हॉट अँड सावर सूप, फ्राइड राइस, लो मेन म्हणजे तेलात परतलेल्या मऊ नूडल्स, ब्रोकोली घातलेलं बीफ, लसूण घातलेल्या हिरव्या शेंगा, क्रीम चीज भरून तळलेल्या कुरकुरीत पुड्या, आणि मध्यभागी, सगळ्यांची नजर जिच्यावर असते ती, जनरल त्सो चिकनची चकचकीत तांबडी रास.

हे जनरल त्सो, म्हणजे झुओ झोंगतांग, चीनमधल्या हुनान प्रांतातले एकोणिसाव्या शतकातले सेनापती. १८८५ साली ते वारले, आणि त्यांच्या नावाचा हा पदार्थ त्यांनी कधी चाखला नाही. तो रचला पेंग चांग-क्वेई या हुनानच्याच आचाऱ्याने, चीनमधून तैवानला गेल्यानंतर, १९५० च्या दशकात. पुढे न्यूयॉर्कला आल्यावर अमेरिकी जिभेसाठी त्यात गोडवा वाढत गेला. पेंग २०१६ साली, वयाच्या ९८ व्या वर्षी गेले. जेवणानंतर मिळणारी, आत चिठ्ठी असलेली फॉर्च्यून कुकी तर मुळात जपानी. ब्रोकोलीही चिनी स्वयंपाकातली नव्हे; तिकडे गाय लान नावाची पालेभाजी वापरतात, ती इथे मिळेना म्हणून ब्रोकोली आली.

यावर कुणी म्हणेल, मग हे खरं चायनीज नव्हेच. हा आक्षेप मला कधीच पटला नाही. महाराष्ट्रातून नवीन आलेली आपली मुलं पहिल्यांदा बुफेत जातात तेव्हा मंचुरियन शोधतात, आणि ते सापडत नाही. कसं सापडणार? चिकन मंचुरियन नेल्सन वँग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये तयार केलं, असं सांगतात. कोलकात्याला जन्मलेला, चिनी कुटुंबातला हा माणूस. हिरवी मिरची, आलं, लसूण ही आपली फोडणी, तिच्यात सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर. घर सोडून आलेल्या माणसाने नव्या गावात जे मिळतं त्यातून, नव्या गिऱ्हाइकाला रुचेल असं रांधलं. ओहायोच्या बुफेतही तेच झालं, फक्त इथल्या लोकांना तिखटापेक्षा गोड आवडतं. दोन्ही खरं अन्न आहे, आणि दोन्हीकडे पोट भरण्याइतकंच पोट चालवण्याचंही काम त्याने केलं.

आणि हे पोट चालवणं फार कठीण होतं, श्रोतेहो. १८४९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची बातमी पसरली आणि दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातून हजारो पुरुष तिकडे निघाले. खाणी झाल्या, रेल्वे बांधून झाली, आणि मग गोऱ्या कामगारांचा राग त्यांच्यावर उलटला. १८८२ साली कायदाच झाला: चिनी मजुरांना अमेरिकेत प्रवेश बंद. हा कायदा उठायला १९४३ उजाडलं, आणि उठल्यावरही वर्षाला जेमतेम १०५ माणसांना वाट मोकळी झाली. इतर धंद्यांची दारं बंद असल्याने उरलं काय, तर कपडे धुणं आणि स्वयंपाक. मात्र व्यापाऱ्यांना त्या कायद्यात सूट होती. १९१५ साली एका न्यायालयीन निकालाने हॉटेलमालकालाही व्यापारी धरायला सुरुवात झाली आणि एक फट सापडली. नातेवाईक, गाववाले मिळून भांडवल गोळा करायचे, आळीपाळीने मालक-व्यवस्थापक व्हायचे, आणि त्या आधारावर गावाकडची माणसं आणायचे. अमेरिकेत इतकी चिनी हॉटेलं का, याचं बरंचसं उत्तर त्या कायद्यात आहे.

बुफे आला नंतर. हवं तितकं खा ही पद्धत लास व्हेगासच्या जुगारघरांनी १९४० च्या दशकात रुजवली. जुगारी लोकांना उठून बाहेर जेवायला जावं लागू नये हा त्यांचा हिशेब. १९६५ साली स्थलांतराचा कायदा सैल झाला. १९७२ साली अध्यक्ष निक्सन चीनला गेले, तिथल्या मेजवान्या लोकांनी घरी टीव्हीवर पाहिल्या आणि चिनी जेवणाबद्दल एकदम कुतूहल वाढलं. पुढे १९८० आणि ९० च्या दशकांत फुजियान प्रांतातल्या फुजौ भागातून माणसं येऊ लागली. गावोगावची बुफे बरीचशी याच लोकांनी चालवली. दलालांना द्यायचं कर्ज डोक्यावर घेऊन कित्येक जण लपतछपत आले. १९९३ साली न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर गोल्डन व्हेंचर नावाचं जहाज रुतलं, त्यात २८६ जण होते. थंड पाण्यातून किनारा गाठायच्या धडपडीत १० जणांचा जीव गेला. जे सुखरूप पोचत ते न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधल्या नोकरी देणाऱ्या छोट्या कचेऱ्यांत जात. तिथे चिठ्ठीवर पगार, त्या भागाचा टेलिफोन कोड आणि बसने लागणारे तास एवढंच लिहिलेलं. गावाचं नावही धड माहीत नसताना माणूस रात्रीच्या बसमध्ये बसायचा आणि उतरल्यावर थेट चुलीपुढे उभा राहायचा.

आमच्या बुफेत दुपारी तीनच्या सुमारास गेलात तर हे सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. जेवणाची गर्दी ओसरलेली असते, रात्रीची अजून सुरू व्हायची असते. मागच्या मोठ्या गोल टेबलावर हिरव्या शेंगांचा ढीग ओतलेला. त्याच्याभोवती गल्ल्यावरच्या बाई, त्यांच्या सासूबाई आणि वाढपाचं काम करणाऱ्या दोघीजणी शेंगा निवडत बसलेल्या. दोन्ही टोकं मोडायची, दोरा ओढायचा, शेंग टोपलीत. हात थांबत नाहीत, गप्पाही थांबत नाहीत. आमच्या घरी श्रावणघेवडा निवडायला बसलेल्या माझ्या आईचे आणि आजीचे हातही असेच चालत. थोड्या वेळाने आतून त्यांचं स्वतःचं जेवण येतं: वाफवलेला अख्खा मासा, त्यावर आलं आणि कांद्याची पात, एक परतलेली पालेभाजी, पांढरा भात. काचेखालच्या ट्रेमधलं त्यात काहीही नसतं.

मग इतकं स्वस्त परवडतं कसं? भात आणि नूडल्स ट्रेंच्या रांगेत सगळ्यात पुढे मांडलेले असतात, कारण गिऱ्हाईक पहिल्या हाताला मोठं वाढून घेतं. एकाच प्रकारचं कोंबडीचं मांस तळून ठेवायचं आणि चार वेगवेगळ्या सॉसमध्ये घोळायचं, म्हणजे चार पदार्थ होतात. शीतपेयाचे पैसे वेगळे, आणि त्यावर नफा चांगला सुटतो. महागडे खेकड्याचे पाय फक्त रात्री किंवा शनिवार-रविवारी. पण खरी बचत त्या गोल टेबलावर होते, घरच्या माणसांच्या न मोजलेल्या तासांत.

चांगलं बुफे ओळखायचं कसं, हेही सांगते. ट्रे किती भरलेला आहे ते बघा. शिगोशीग भरलेले ट्रे दिसायला छान, पण त्यातलं अन्न तासन् तास वाफेवर बसून लिबलिबीत होतं. आमच्याकडे आचारी मोठ्या आचेवर, कढईत, डावानेच मोजून सॉस घालत थोडं थोडं करतो आणि ट्रे अर्धाच भरतो. संपला की नवा. शेंगांचा ट्रे येताना अजून चुरचुरत असतो, लसणाचा वास टेबलापर्यंत येतो, आणि जाणती गिऱ्हाइकं तेवढ्यात उठतात.

ही गिऱ्हाइकं कोण? चर्चमधून परस्पर आलेली म्हातारी जोडपी. बुटांना सिमेंट लागलेले बांधकाम मजूर. तीन मुलं घेऊन आलेली एकटी आई, जिला मेन्यूकार्ड बघून प्रत्येकाचा हिशेब करावा लागत नाही. आणि विद्यापीठातली आपली मुलं, ज्यांना महिनाअखेरीस हा एक जेवणाचा आनंद परवडतो. इथे कुणी कुणाकडे वळून बघत नाही. एवढी मोकळीक महागड्या हॉटेलात मला कधी वाटली नाही.

२०२० साली कोरोना आला आणि बुफे रातोरात बंद झाले. एकाच चमच्याला शंभर हात लागायची कल्पनाच लोकांना नको झाली. कित्येक कायमचे गेले. आमच्या मालकांनी डबे भरून वजनावर विकत तग धरला. आता मात्र दोघं थकलेत. मुलगी फार्मसिस्ट झाली, मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे. चांगलं गिऱ्हाईक मिळालं तर दुकान विकायचं, असं बाईंनी मला परवाच सांगितलं, आणि सांगताना त्या हसत होत्या. मुलांनी चुलीपुढे उभं राहू नये म्हणूनच तर इतकी वर्षं त्या स्वतः उभ्या राहिल्या. मला वाईट वाटलं. त्यांना मात्र समाधान होतं, आणि ते अगदी रास्त आहे.

तुमच्यापैकी कुणी मुलाकडे, लेकीकडे अमेरिकेला येणार असाल तर एखाद्या जुन्या बुफेत जरूर जा. साधा कामाचा वार निवडा, बाराच्या ठोक्याला पोचा, तेव्हा सगळं ताजं असतं. शाकाहारी असाल तर नुसतं बघून घेऊ नका, विचारा. सूपमध्ये बहुतेक वेळा कोंबडीचा अर्क असतो, शेंगांच्या सॉसमध्ये कालवं असू शकतात, फ्राइड राइसमध्ये अंडं असतंच. सांगितलंत तर आत साधी भाजी परतून देतात, आमच्याकडे तर हसतमुखाने देतात. दुसऱ्यांदा वाढून घ्यायला उठलात की नवी प्लेट घ्या, तसा इथला आरोग्याचा नियमच आहे. थोडं घ्या, पुन्हा घ्या, पण पानात टाकू नका. आपण स्वतः वाढून घेतलं म्हणून टिप द्यायची नाही असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं करू नका. तुमच्या उष्ट्या प्लेट्स उचलणाऱ्या बाईंचा पगार बेताचा असतो. दोन-चार डॉलर टेबलावर ठेवा, आणि त्या समोर असतील तर त्यांच्या हातातच द्या.

नमस्कार.