पाच हजार एमएएच, तिसऱ्या वर्षी

(दृश्य : काळ्या टेबलावर दोन फोन, शेजारी त्यांची खोकी.)

या दोन्ही फोनच्या बॅटरीचा आकडा एकच आहे. ५००० एमएएच, म्हणजे बॅटरीत किती साठा मावतो त्याचं माप. डावीकडचा सॅमसंग गॅलॅक्सी एस२२ अल्ट्रा, फेब्रुवारी २०२२चा. उजवीकडचा एस२३ अल्ट्रा, त्याच्या पुढच्या फेब्रुवारीतला. पडदा दोघांचाही ६.८ इंचांचा, दोघांच्याही पोटात पेन, वजनात फरक जेमतेम पाच ग्रॅमचा. तरीही एकसारखं काम दिलं, तर उजवीकडचा फोन स्पष्टपणे जास्त वेळ टिकतो. तो बाजारात आला तेव्हाच्या चाचण्यांत हे वारंवार दिसलं.

बॅटरी तेवढीच, मग हा जास्तीचा वेळ आला कुठून?

(दृश्य : चिप, अगदी जवळून.)

भारतात विकल्या गेलेल्या एस२२ अल्ट्रामध्ये क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८ जेन १ ही चिप होती. ती सॅमसंगच्याच कारखान्यात बनायची. ती वीज जास्त खायची आणि फोन हाताला गरम लागायचा. मे २०२२मध्ये क्वालकॉमने जवळपास तोच आराखडा तैवानच्या टीएसएमसीकडे बनवून घेतला आणि त्याला ८ प्लस जेन १ असं नाव दिलं. त्याच कामासाठी प्रोसेसर आणि ग्राफिक्सला ३० टक्क्यांपर्यंत कमी वीज लागते, असं कंपनीने तेव्हा जाहीर केलं. आराखडा जवळपास तोच, मुख्य बदल कारखान्याचा. एस२३ अल्ट्रामधली चिप त्यापुढच्या पिढीची, आणि तीही टीएसएमसीकडेच बनलेली.

हे उदाहरण दाखवून अनेकजण ठामपणे सांगतात, की महागडा फोन घेताना एमएएच बघूच नका, चिप आणि सॉफ्टवेअर बघा. हा सल्ला अर्धवट आहे, आणि लाखभर रुपये घालणाऱ्या माणसाला अर्धवट सल्ला देणं मला बरोबर वाटत नाही. म्हणून आता दुसरी जोडी बघू.

(दृश्य : दोन आयफोन १७ प्रो मॅक्स. एकाच्या कडेला सिमचा खण आहे, दुसऱ्याला नाही.)

आपल्याकडे मिळणाऱ्या आयफोन १७ प्रो मॅक्सला सिमकार्डाचा खण असतो. अमेरिकेत, दुबईत किंवा जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या त्याच फोनला तो नसतो, तिथे फक्त ई-सिम, म्हणजे कार्डाशिवायचं, फोनमध्येच बसवलेलं सिम चालतं. खणाची ती इवलीशी जागा ॲपलने बॅटरीला दिली. त्यामुळे भारतातल्या फोनची बॅटरी ४८२३ एमएएचची आहे आणि दुबईहून मामाने आणलेल्या फोनची ५०८८. चिप तीच, पडदा तोच, सॉफ्टवेअर तेच. ॲपलच्याच आकड्यांप्रमाणे खणवाला फोन ३७ तास व्हिडिओ चालवतो आणि बिनखणाचा ३९ तास. गणित करून बघा. बॅटरी साडेपाच टक्क्यांनी मोठी, वेळही जवळपास तेवढाच जास्त.

बाकी सगळं सारखं असेल, तेव्हा क्षमता जितकी जास्त तितका वेळ जास्त. यात कुठलीच जादू नाही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे, वेगवेगळ्या चिपचे फोन समोर ठेवले की मात्र नुसत्या आकड्यावरून निकाल लागत नाही. म्हणूनच ॲपल आपल्या जाहिरातीत एमएएच सांगतच नाही, तास सांगते.

(दृश्य : बॅटरीच्या पाठीवरची बारीक अक्षरं.)

एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-अवर. बॅटरीत किती विद्युतभार साठतो त्याचं हे माप आहे. प्रत्यक्ष ऊर्जा किती, हे कळायला त्याला व्होल्टेजने गुणावं लागतं. ५००० एमएएचची बॅटरी ३.८५ व्होल्टची असेल, तर ऊर्जा होते साधारण १९ वॉट-अवर. घरातला ७५ वॉटचा छताचा पंखा एवढ्या विजेवर पंधरा मिनिटं फिरेल. तेवढ्याच विजेवर फोन सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत काढतो. फोटो, नकाशा, पैशांची देवाणघेवाण, आईशी अर्धा तास गप्पा, सगळं सरासरी सव्वा वॉटमध्ये. अभियंत्यांच्या या कामगिरीचं मला आजही मनापासून कौतुक वाटतं.

पण सव्वा वॉट ही सरासरी आहे, आणि प्रत्येक दिवस सरासरीचा नसतो.

(दृश्य : कोकण रेल्वे, बोगद्यात शिरणारी गाडी.)

गणपतीला गावी निघालेला माणूस घ्या. कोकण रेल्वेच्या ७४१ किलोमीटरच्या मार्गावर ९१ बोगदे आहेत. बोगद्यात रेंज जाते, बाहेर पडलं की फोन पुन्हा टॉवर शोधायला लागतो. टॉवर सापडला तरी दूर असतो, मग फोनला जोर लावून बोलावं लागतं. मोबाइलला साधारणपणे ०.२ वॉट ताकदीपर्यंत लहरी सोडायची मुभा आहे. तेवढी ताकद हवेत पोहोचवायला आतल्या ॲम्प्लिफायरला त्याच्या दुप्पट-तिप्पट वीज लागते. ज्या यंत्राचा एरवीचा सगळा संसारच सव्वा वॉटचा, त्याच्यासाठी हा मोठा खर्च आहे. दोन सिम असतील तर दोन्ही नेटवर्कची शोधाशोध चालू राहते. कसारा घाटात, आंबोलीत, मेळघाटात हेच घडतं. टॉवर डोंगरापलीकडे असेल, तर जगातली सर्वांत काटकसरी चिपसुद्धा तो जवळ आणू शकत नाही.

चांगल्या चिपमुळे रोजचा खर्च कमी होतो. वाईट दिवशी मात्र हाताशी शिल्लकच लागते, आणि ती शिल्लक म्हणजे बॅटरीची क्षमता. ज्यांचा दिवस ऑफिसच्या वायफायवर जातो त्यांना ४५०० एमएएचचा फोनही पुरेल. जे दिवसभर बाहेर उन्हात असतात, पडद्याचा उजेड कमाल ठेवूनच काम करतात, त्यांनी आकडा बघायलाच हवा. रेल्वेचं तिकीट फोनमध्ये, रिक्षावाल्याचे पैसे फोनमध्ये, बँकेचा ओटीपी फोनमध्ये, अशी आपली आजची स्थिती आहे. फोन बंद पडला की माणूस रस्त्यात अडकतो.

(दृश्य : सर्व्हिस सेंटर. उघडलेला फोन, चिमट्याने सोडवली जाणारी बॅटरी.)

आता मुख्य मुद्दा. फोन घेताना आपण आकडा बघतो तो पहिल्या दिवसाचा. बॅटरी मात्र रोज थोडी थोडी झिजते.

शंभर टक्के वीज वापरून झाली की एक सायकल पूर्ण होते. ती एका दिवसात होवो किंवा दोन दिवसांत मिळून. युरोपीय संघाने २० जून २०२५पासून नियम लागू केला, की फोनची बॅटरी ८०० सायकलनंतरही मूळ क्षमतेच्या किमान ८० टक्के राहिली पाहिजे. हेच माप धरून हिशोब करू.

समजा, तुम्ही दिवसाला ४००० एमएएच वापरता. फोन ५०००चा असेल तर रोज ०.८ सायकल होते, आणि ८०० सायकल हजार दिवसांत संपतात, म्हणजे पावणेतीन वर्षांत. तेव्हा उरलेली क्षमता असेल ४०००. नव्या फोनमध्ये रात्री हजार शिल्लक राहायचे, आता काहीच राहणार नाहीत.

हाच माणूस ७०००चा फोन घेतो. दिवसाचा वापर तेवढाच धरला, तर सायकल होते ०.५७. तीच ८०० सायकल गाठायला १४०० दिवस लागतात, जवळपास चार वर्षं. आणि त्यानंतरही हातात ५६०० उरतात, नव्या ५०००च्या फोनपेक्षा जास्त.

दुकानातल्या काउंटरवर हे कुणी सांगत नाही. मोठी बॅटरी रोज जास्त वेळ देते, आणि शिवाय ती झिजतेही सावकाश, कारण तिच्यावर रोज पडणारा भार कमी असतो. गुगलने २०२३मध्ये पिक्सेल ८पासून आणि सॅमसंगने २०२४मध्ये एस२४पासून सात वर्षं अपडेट देण्याचं वचन दिलं. फोन सात वर्षं टिकवायचा तर त्याच्या क्षमतेचा विचार पहिल्या दिवसापुरता करून कसं चालेल?

त्यात आपला उन्हाळा. ३५ अंशांच्या वरच्या तापमानात बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते, असं ॲपल आपल्या ग्राहकांना सांगते. मे महिन्यात चंद्रपूर, नागपूर, अकोल्यात पारा ४५च्या आसपास असतो, आणि काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त. तिथे चार्जिंगला लावून ठेवलेल्या फोनची बॅटरी ८०० सायकलपर्यंत तग धरेल, असं मानू नका. विदर्भात आणि मराठवाड्यात फोन घेणाऱ्यांनी ही झीज आधीच हिशोबात धरावी. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय आता बहुतेक महागड्या फोनमध्ये असते. ती जरूर वापरावी, पण ५०००च्या फोनमध्ये तसं केलं की हाती ४०००च लागतात. मोठ्या बॅटरीत ही काळजी घेणं परवडतं.

(दृश्य : ग्राफाइटचा काळा थर, शेजारी सिलिकॉनचं चित्र.)

मग सगळ्याच कंपन्या ७०००ची बॅटरी का देत नाहीत? इतकी वर्षं जागाच नव्हती. बॅटरीच्या उणे बाजूला ग्राफाइटचा थर असतो, चार्ज होताना लिथियम त्यात जाऊन बसतं. एका लिथियमला जागा द्यायला कार्बनचे सहा अणू लागतात. सिलिकॉनचा मात्र एकेक अणू जवळपास चार लिथियम धरून ठेवतो. वजनाच्या हिशोबाने दहापट साठा. अडचण अशी, की लिथियम भरलं की सिलिकॉन फुगून तिप्पट-चौपट होतं, रिकामं झालं की आकसतं, आणि या फुगण्या-आकसण्यात त्याला तडे जातात. म्हणून सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण कार्बनच्या जाळीत बसवले जातात. ही सिलिकॉन-कार्बन बॅटरी मार्च २०२३मध्ये ऑनरने चीनमधल्या मॅजिक५ प्रोमध्ये आणली, ५४५० एमएएचची. जानेवारी २०२५मध्ये भारतात आलेल्या वनप्लस १३मध्ये ६००० होते, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधल्या वनप्लस १५मध्ये ७३००. फोनचा आकार मात्र हातात मावेल एवढाच राहिला.

सॅमसंगचा अल्ट्रा २०२०च्या एस२०पासून २०२५च्या एस२५पर्यंत ५०००वरच आहे. या कंपनीने २०१६मध्ये गॅलॅक्सी नोट ७चा घाव सोसला आहे. ते फोन पेट घेत होते, आपल्या डीजीसीएनेही (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) विमानात ते वापरायला मनाई केली होती, आणि शेवटी ते बाजारातूनच मागे घ्यावे लागले. जानेवारी २०१७मध्ये कंपनीने दोष बॅटरीत असल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि आठ टप्प्यांची तपासणी सुरू केली. सुरक्षेबाबतचा हा सावधपणा मला मान्य आहे. पण सहा वर्षं आकडा जागचा हलू नये, हे सर्वांत महाग फोन घेणाऱ्याला खटकणारच, आणि ते खटकणं रास्त आहे.

उलट दिशेलाही धाव आहेच. गॅलॅक्सी एस२५ एज ५.८ मिलिमीटर जाडीचा, बॅटरी ३९०० एमएएचची. आयफोन एअर ५.६ मिलिमीटरचा, बॅटरी ३१४९ची. त्याच्या सोबतच ॲपलने पाठीवर चिकटवायची जोडबॅटरीही विकायला काढली.

(दृश्य : दोन देशांची दोन खोकी.)

आणखी एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. एकाच नावाच्या फोनची क्षमता देशागणिक बदलते. रिअलमी जीटी ७ प्रो चीनमध्ये ६५००चा, भारतात ५८००चा. शाओमी १५ अल्ट्रा चीनमध्ये ६०००चा, बाहेरच्या बाजारात ५४१०चा. वाहतुकीचे नियमही यात आडवे येऊ शकतात. एकच सेल २० वॉट-अवरच्या वर गेला, की मालवाहतुकीत तो धोकादायक मालाच्या कडक नियमांत मोडतो. म्हणून काही कंपन्या दोन लहान सेल जोडतात. वनप्लस १३मध्ये ३०००चे दोन आहेत. तेव्हा चीनमधल्या फोनचं परीक्षण बघून इथे पैसे मोजू नका. भारतातल्या खोक्यावरचाच आकडा वाचा, आणि त्यातही दोन आकडे असतील तर लहान आकडा. एस२३ अल्ट्राची क्षमता 'टिपिकल', म्हणजे सरासरी, ५००० आणि 'रेटेड', म्हणजे किमान, ४८५५ आहे.

युरोपात आता फोनवर ऊर्जेचं लेबल असतं. एका चार्जमध्ये फोन किती तास-मिनिटं चालतो, आणि बॅटरी किती सायकल टिकते, हे एकाच पद्धतीने मोजून त्यावर छापलेलं असतं. युरोपीय संघाच्या एप्रेल (EPREL) नावाच्या संकेतस्थळावर ते भारतातूनही बघता येतं. तुमच्या मनातला फोन तिथे शोधा आणि तासांच्या आधी सायकलचा आकडा बघा, कारण सिलिकॉनची बॅटरी असेल तर खरी परीक्षा तिथेच आहे. मग तुमच्या गावातल्या किंवा जवळच्या शहरातल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: या मॉडेलची बॅटरी बदलायला किती पैसे लागतात, बॅटरी तिथे शिल्लक असते की मागवावी लागते, आणि फोन उघडल्यावर पाण्यापासूनचं संरक्षण पुन्हा तपासून देता का.