विम्पोल स्ट्रीटची पत्रं आणि ‘पोर्तुगीज’ सुनीतं

[पडद्यावर : जुनं पत्र. शाई तपकिरी झालेली, घडीच्या रेषा स्पष्ट दिसणाऱ्या.]

१० जानेवारी १८४५. लंडनच्या दक्षिणेला न्यू क्रॉसमध्ये आईवडिलांकडे राहणारा बत्तीस वर्षांचा रॉबर्ट ब्राऊनिंग एका कवयित्रीला पत्र लिहायला बसतो. दोघांची कधी भेट झालेली नाही. तुमच्या कविता मला मनापासून आवडतात, असं तो पहिल्याच वाक्यात सांगतो. थोडं पुढे गेल्यावर त्यात भर घालतो : आणि तुम्हीही आवडता.

ती कवयित्री म्हणजे एलिझाबेथ बॅरेट. वय अडतीस. मुक्काम ५०, विम्पोल स्ट्रीट. अनेक वर्षांच्या आजारपणामुळे बहुतेक वेळ वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीत. १८४० मध्ये टॉर्कीच्या समुद्रात तिचा लाडका भाऊ बुडाला आणि त्या धक्क्यातून ती सावरली नव्हती. कवी म्हणून मात्र तिचं नाव रॉबर्टपेक्षा कितीतरी मोठं होतं. १८४४ च्या तिच्या संग्रहातल्या एका दीर्घकवितेत नायक प्रेयसीला समकालीन कवींच्या कविता वाचून दाखवतो आणि तिथे रॉबर्टचा उल्लेख येतो. त्याची कविता म्हणजे डाळिंब, मधोमध खोल चिरलं तर आत रक्ताळलेलं माणसाचं काळीज दिसतं. ‘डाळिंब’ हा शब्द तिने त्याच्याच पुस्तकमालेच्या नावातून उचलला होता. त्या काळात समीक्षक रॉबर्टला दुर्बोध म्हणून झोडपत होते. अशा वेळी या एका ओळीचं त्याला किती अप्रूप वाटलं असेल! जॉन केन्यन हा तिचा दूरचा नातेवाईक दोघांनाही ओळखत होता. त्याने भीड मोडली आणि पत्र गेलं.

[पडद्यावर : लंडनचा नकाशा. न्यू क्रॉस ते विम्पोल स्ट्रीट.]

या प्रेमाला टपालखात्याची मोठी साथ मिळाली. त्या पहिल्या पत्राच्या बरोबर पाच वर्षं आधी, १० जानेवारी १८४० ला, ब्रिटनमध्ये एक पेनीचं टपाल सुरू झालं होतं. अर्ध्या औंसापर्यंतचं पत्र देशात कुठेही पाठवा, दर एकच. त्याआधी अंतर आणि कागदांची संख्या मोजून आकार लागायचा आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्यालाच भरावा लागायचा. शिवाय लंडनमध्ये दिवसातून अनेकदा वाटप होई. सकाळच्या पत्राला संध्याकाळी उत्तर मिळू शके. वीस महिन्यांत ५७३ पत्रं झाली ती यामुळे. पत्रांचा हा वेग ध्यानात ठेवा, कारण एलिझाबेथने रॉबर्टवर लिहिलेल्या सुनीतांमधली, म्हणजे चौदा ओळींच्या कवितांमधली, घालमेल याच वेगाने पुढे सरकते.

पहिली भेट २० मे १८४५ ला झाली. रॉबर्टने तिच्या पत्राच्या पाकिटावर नोंद केली : मंगळवार, तीन ते साडेचार. पुढच्या प्रत्येक भेटीची तारीख, वेळ आणि क्रमांक तो असाच टिपत गेला. एकूण नोंदी ९१.

भेटीनंतर लगेच त्याने प्रेमाची कबुली देणारं पत्र पाठवलं. तिने ते परत केलं आणि पुन्हा असं लिहिलंत तर भेट होणार नाही, असं बजावलं. रॉबर्टने ते जाळून टाकलं. दोघांच्या पत्रव्यवहारातलं नष्ट झालेलं पत्र ते हेच.

तिच्या नकाराला कारणं होती. ती त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, आजारी, आणि वडील एडवर्ड मोल्टन-बॅरेट कोणत्याच अपत्याला लग्नाची परवानगी देत नव्हते. १८४५ च्या शरद ऋतूत डॉक्टरांनी तिला हिवाळ्यासाठी इटलीतल्या पिसाला जायला सुचवलं, वडिलांनी ते मोडून काढलं. आपल्या जिवापेक्षा वडिलांना त्यांचा शब्द मोठा वाटतो, हे तिला तेव्हा लख्ख कळलं. त्यानंतर पत्रांचा सूर बदलतो.

सुनीतं याच काळातली. रॉबर्टला त्यांचा पत्ता नव्हता.

[पडद्यावर : पहिल्या सुनीताचं पान.]

पहिल्या सुनीतात कोणीतरी मागून येऊन तिचे केस धरून मागे ओढतं आणि विचारतं, ओळख पाहू, कोण? ती म्हणते, मृत्यू. उत्तर येतं : मृत्यू नाही, प्रेम. अनेक वर्षं मरणाची वाट पाहत पडून राहिलेल्या बाईने हे लिहिलं आहे, हे ठाऊक असलं की त्यातली दचक खरी वाटते.

अठरावं सुनीत घ्या. १८४५ च्या नोव्हेंबरमध्ये रॉबर्टने तिच्या केसांची बट मागितली. त्या काळच्या इंग्लंडमध्ये मृताचे केस कापून लॉकेटमध्ये जपत. सुनीतात ती म्हणते, मला वाटलं होतं ही बट आधी प्रेतावरची कात्रीच नेईल. आता तू घे, आणि आई जाताना जे चुंबन इथे ठेवून गेली तेही तुला यातच सापडेल. आई जाऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती. पत्रांमध्ये याच प्रसंगावर लाजरी घासाघीस चालते, सुनीतात तीच गोष्ट मृत्यूच्या हातून काढून घेतलेली भेट होते.

आणि अठ्ठाविसावं, माझ्या मते या मालेतलं सर्वात कसबी. रात्री ती पत्रांच्या गठ्ठ्याची दोरी सोडते, पत्रं मांडीवर पडतात, आणि ती एकेक उचलते. या पत्रात त्याला मित्र म्हणून एकदा भेटायचं होतं. या पत्राने वसंतातला दिवस ठरवला. यात, कागद हलकासाच, पण ‘तू मला प्रिय आहेस’. यात ‘मी तुझा आहे’, आणि याची शाई फिकी पडली आहे, कारण ते धडधडत्या छातीशी राहिलं. शेवटच्या पत्रात काय आहे, ते ती सांगत नाही. बाकी सगळं उघड करून एकच गोष्ट राखून ठेवते, आणि कविता तिथेच थांबते. जाळलेलं पत्र अर्थातच या गठ्ठ्यात नाही.

रचनेकडेही पाहू. सुनीत चौदा ओळींचं. केशवसुतांनी १८९२ मध्ये ते मराठीत आणलं, त्यामुळे आपल्याला ते परकं नाही. एलिझाबेथने इटालियन घाट निवडला : पहिल्या आठ ओळींत दोनच यमकं, अबबअ अबबअ, आणि पुढच्या सहांत कडकडकड. इटालियनमध्ये यमकं मुबलक. इंग्रजीत एकाच यमकाचे चार-चार शब्द जुळवताना कवीची दमछाक होते, आणि जुळवाजुळव फसली की ओळ ताणलेली, भरतीची वाटते. तिने यावर उपाय काढला. यमक पूर्ण जुळलंच पाहिजे असा हट्ट सोडला, आणि ओळीच्या शेवटी वाक्य न थांबवता पुढच्या ओळीत वाहू दिलं. आठव्या ओळीनंतर जे वळण अपेक्षित असतं, ते ती कधी आधीच घेते, कधी ओळीच्या मध्यात. म्हणून ही सुनीतं वाचताना कोणी बोलता बोलता अडखळतंय, पुन्हा सुरू करतंय असं वाटतं. काही समीक्षकांनी तिच्या यमकांना ढिसाळ ठरवलं. मला तो आक्षेप पटत नाही.

सगळ्यांना पाठ असलेलं सुनीत म्हणजे त्रेचाळिसावं, ‘मी तुझ्यावर किती प्रकारे प्रेम करते, मोजू दे’. प्रेमपत्रिकांवर छापून छापून ते गुळमुळीत झालं आहे. पण त्यातली मोजदाद नीट पाहा. आत्म्याची खोली, रुंदी, उंची यांनी सुरुवात होते आणि लगेच ती रोजच्या साध्या, मुक्या गरजेवर उतरते. सहा ओळींच्या भागात जुनी दुःखं येतात : ज्या तीव्रतेने दुःख केलं, तीच तीव्रता आता प्रेमाला लावली आहे. टॉर्कीचा समुद्र माहीत असेल तर ही ओळ घशात अडकते.

[पडद्यावर : सेंट मेरिलबोन चर्च.]

१२ सप्टेंबर १८४६, शनिवार. पाकिटावरची ९१ वी नोंद चर्चमधली आहे. साक्षीदार दोन : तिची दासी विल्सन आणि रॉबर्टचा मावसभाऊ जेम्स सिल्व्हरथॉर्न. लग्नानंतर ती वडिलांच्या घरी परतली. पुढचा आठवडाभर रॉबर्ट तिथे फिरकला नाही, कारण दारात उभं राहून ‘मिस बॅरेट’ला भेटायचंय, असं खोटं त्याच्याने बोलवेना. १९ तारखेला ती विल्सन आणि फ्लश नावाच्या कुत्र्याला घेऊन निघाली. फ्रान्समार्गे पिसा, आणि मग फ्लॉरेन्स. वडिलांनी तिचं नाव टाकलं, तिची पत्रं उघडलीही नाहीत.

मग रॉबर्टने सुनीतं कधी पाहिली? वर्षानुवर्षं सांगितली गेलेली गोष्ट अशी : १८४७, पिसा, न्याहारी झालेली. रॉबर्ट खिडकीशी उभा. ती मागून येते, त्याला वळू देत नाही, खिशात कागदांची पुडी कोंबते आणि पळून जाते. एडमंड गॉस या समीक्षकाने १८९४ मध्ये ती छापली. रॉबर्टच्या स्वतःच्या पत्रातली हकिकत निराळी आहे. प्रेम कवितेत मांडण्याविरुद्ध तो पूर्वी काहीतरी बोलून गेला होता, म्हणून ती गप्प राहिली. १८४९ मध्ये लुक्काजवळच्या डोंगराळ गावात एका संध्याकाळी तो उलट बाजूने बोलला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चाचरत विचारलं, मी तुझ्यावर काही कविता लिहिल्या होत्या, माहीत आहे? आणि त्या पुढे केल्या. त्या वर्षी मार्चमध्ये त्यांना मुलगा झाला होता आणि त्याच सुमारास रॉबर्टची आई वारली होती. तो खचलेला होता. सुनीतं त्याच्या हाती पडली ती अशा वेळी. खिशातल्या पुडीपेक्षा मला हा प्रसंग फार मोठा वाटतो.

छापताना आडपडदा हवा होता. ‘बोस्नियनमधून अनुवादित’ असं नाव आधी विचारात होतं, रॉबर्टने ‘पोर्तुगीज’ सुचवलं. त्याला तिची एक जुनी कविता फार प्रिय होती. त्या कवितेत दूरदेशी गेलेल्या पोर्तुगीज कवी कामोंइशला त्याची प्रेयसी कातरिना मरणशय्येवरून आठवते. हा कामोंइश १५५३ मध्ये गोव्यात आला होता. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात त्याचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. १८५० च्या आवृत्तीत मालेत ४३ सुनीतं होती. त्याच पुस्तकात वेगळं छापलेलं एक सुनीत १८५६ मध्ये मालेत घेतलं गेलं आणि ४४ झाली.

[पडद्यावर : भिंगाखाली कागदाचे तंतू.]

पिसाच्या गोष्टीला एक पुस्तिकाही चिकटली. ‘रेडिंग, १८४७, प्रकाशनासाठी नाही’. म्हणजे १८५० च्याही आधीची पहिली आवृत्ती. संग्राहकांनी ती भरपूर पैसे मोजून घेतली. १९३४ मध्ये जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोघांनी तिची तपासणी केली. कागदात रासायनिक प्रक्रियेने बनवलेला लाकडाचा लगदा निघाला. तसा कागद इंग्लंडमध्ये १८७० च्या दशकात आला, १८४७ ला कागद चिंध्यांचा असे. टाईपातल्या ‘एफ’ आणि ‘जे’ या अक्षरांची बाहेर झुकणारी टोकं चटकन तुटत, म्हणून ती आत घेतलेला टाईप पुढे निघाला, आणि पुस्तिकेत नेमका तोच होता. शिवाय एकाही प्रतीवर त्या काळातल्या मालकाची सही नाही, कोणाला भेट दिल्याची ओळ नाही. पुस्तिका बनावट होती, आणि माग नामांकित ग्रंथसूचीकार थॉमस वाइजपर्यंत पोहोचला.

खरी पत्रं अमेरिकेत वेलस्ली कॉलेजात आहेत, आणि विम्पोल स्ट्रीटच्या घराचा दरवाजाही तिथेच आहे. २०१२ पासून ती इंटरनेटवर मोफत वाचता येतात, पाकिटांसकट. वाचायचीच असतील तर पत्र क्रमांक एकपासून सलग वाचत बसू नका, शंभराच्या आत दम लागेल. नोव्हेंबर १८४५ ची पत्रं आणि अठरावं, एकोणिसावं सुनीत एकत्र ठेवा. मग विसावं, ज्यात ती म्हणते, वर्षापूर्वी तू या जगात होतास आणि मला माहीतच नव्हतं. ते जानेवारी १८४६ च्या पत्रांशेजारी ठेवा. आणि २२ जुलै १८४६ चं तिचं पत्र चुकवू नका. त्यात ती रॉबर्टला सांगते, आता दाखवत नाही ते कधीतरी पिसात दाखवीन.