आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

श्रोतेहो, नमस्कार.

२०२३ साली कतारच्या फॉर्म्युला वन शर्यतीत मॅक्लारेनच्या पथकाने लँडो नॉरिसच्या गाडीची चारही चाकं १.८० सेकंदात बदलली. हा विक्रम आहे. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गाडी निघूनही गेलेली असते. हौशी रेसरच्या पॅडॉकमध्ये (ट्रॅकमागच्या, गाड्या दुरुस्त करायच्या आवारात) हेच काम करायचं तर आधी जॅक शोधावा लागतो. तो शेजारच्याने नेलेला असतो. पाना सापडतो तेव्हा सॉकेट सापडत नाही. आणि माणसं असतात दोन. गाडी चालवणारी मी, आणि आठवडाभर नोकरी करून सुट्टीचे दिवस माझ्या गाडीखाली घालवणारा माझा मित्र. आज अशाच एका शुक्रवार ते रविवारची हकिगत सांगणार आहे. प्रत्यक्ष शर्यत त्यात फार थोडी आहे, हे आधीच सांगून ठेवते.

शुक्रवारी सराव होता. सुरुवातीचे लॅप छान गेले. मग सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबला तर पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं. पुढच्या लॅपला आणखी खोल. त्यानंतर मात्र दोनदा पंप केल्याशिवाय ब्रेक लागेचना, तेव्हा मी गुपचूप पिटमध्ये आले.

याचं कारण साधं आहे. हजार किलोची गाडी ताशी १६० किलोमीटरवरून ६० वर आणायची, तर जी ऊर्जा घालवावी लागते तिच्यावर जवळपास अडीच लिटर गार पाणी उकळेल. ही ऊर्जा तीन-चार सेकंदांत घालवायची, तीही प्रत्येक लॅपला, प्रत्येक मोठ्या वळणाआधी. बहुतेक सगळी ब्रेकमध्येच जाते. डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी, ती उष्णता हवेत टाकत राहते, पण थोडी पॅडमधून कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीत) आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये उतरतेच. डॉट फोर प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पण हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. पायाचा जोर मग कॅलिपरच्या पिस्टनपर्यंत पोचतच नाही, बुडबुडे चेपण्यातच संपतो. गंमत म्हणजे गाडी निवली की पेडल पुन्हा बऱ्यापैकी कडक लागतं. रोजच्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला म्हणून हा दोष वर्षानुवर्षं कळत नाही.

ब्रेकची एअर, म्हणजे जुनं ऑइल आणि त्यातले बुडबुडे, काढायला दोघं लागतात. मी आत बसले, तो चाकाशी उकिडवा. "दाब." कॅलिपरवरचा निपल, म्हणजे ऑइल सोडायचा छोटा स्क्रू, अर्धा आटा सैल. "धरून ठेव." पारदर्शक नळीतून काळपट ऑइल सरकतं, मधूनच त्यात एक बुडबुडा. निपल बंद. "सोड." आमच्यात बराच वेळ एवढंच बोलणं चालतं. निपल उघडा असताना पाय उचलला गेला तर हवा नळीतून उलटी आत शिरते आणि पहिले पाढे पंचावन्न. बॉडीवर सांडलेला थेंब लगेच पुसायचा, कारण हे ऑइल रंग खातं. चारही चाकं झाली, नवं ऑइल नितळ यायला लागलं आणि पेडल वरच्या वर कडक लागलं. इथवर दुखणं जिथे, औषधही तिथेच होतं.

शनिवारी तसं नव्हतं. सकाळच्या सेशनमध्ये दोन तक्रारी एकदम उद्भवल्या. पाण्याच्या तापमानाचा काटा मध्येच वर उडी मारायला लागला, आणि इंजिन मिसिंग करायला लागलं, म्हणजे मधूनच त्याचा ठोका चुकायला लागला. काट्यासाठी रेडिएटरची पातळी बघितली, नळ्या चाचपल्या, कुठे हवा अडकली आहे का ते पाहिलं. सगळं ठाकठीक. मिसिंगचं प्रकरण मात्र निकडीचं होतं. वळणातून बाहेर पडताना, जिथे ताकद लागते नेमकी तिथेच गाडी गचके खायची आणि मागचे दोघं-तिघं आरामात पुढे निघून जायचे.

मिसिंग म्हटलं की संशय आधी स्पार्क प्लगवर. मित्राने प्लग बदलले. मग इग्निशन कॉइल बदलली. मग इंजेक्टरचे (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागांचे) कनेक्टर एकेक काढून, साफ करून परत लावले. या सगळ्यात छळणारी गोष्ट अशी की पॅडॉकमध्ये उभ्या गाडीचं इंजिन इतकं गोड चालायचं, की आपणच थापा मारतोय असं वाटावं. दोष दिसायचा फक्त ट्रॅकवर, आणि ट्रॅक मिळतो वेळापत्रकाप्रमाणे, वीस मिनिटांसाठी. एक भाग बदलायचा, रांगेत थांबायचं, बाहेर जायचं, गचके मोजत परत यायचं. या खटाटोपात क्वालिफाइंगही (शर्यतीतली सुरुवातीची जागा ठरवणारं सेशन) वाया गेलं. वेळ नोंदवली गेली, पण ती सांगण्यासारखी नाही.

शेजारी एक साठी उलटलेले गृहस्थ आपल्या गाडीच्या टायरमधली हवा मोजत बसले होते. आमची धावपळ ते बराच वेळ बघत होते. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "कुठल्या वळणावर मिसिंग करते?"

"लांबलचक उजवं वळण आहे ना, तिथे."

"डाव्या वळणांवर?"

"नाही."

"सेशनच्या सुरुवातीला की शेवटी?"

मी आठवून पाहिलं. शेवटी शेवटीच.

"टाकीत पेट्रोल किती?"

"पावाच्या खाली."

"मग त्या बिचाऱ्या प्लगांना कशाला छळताय?" एवढं बोलून ते पुन्हा टायरकडे वळले.

वजन कमी राहावं म्हणून आम्ही पेट्रोल जेमतेम भरतो. एक लिटर म्हणजे साधारण पाऊण किलो, तेव्हा वीस लिटर कमी भरले की पंधरा किलो वाचतात. पण चांगल्या टायरवर वळताना बाजूला पडणारा जोर गुरुत्वाकर्षणाएवढा झाला, तर टाकीतल्या पेट्रोलची पातळी थेट ४५ अंशांत तिरपी होते. उजव्या वळणात सगळं पेट्रोल डाव्या भिंतीला जाऊन चिकटतं. आमच्या टाकीत पंपाचं तोंड उजवीकडे. वळण लांब, पेट्रोल थोडं, त्यामुळे पंप तेवढा वेळ हवा ओढतो, इंजेक्टरपाशी पेट्रोलचा दाब कमी होतो आणि इंजिन गुदमरतं. गाडी सरळ झाली की पेट्रोल परत जागेवर येतं आणि पुरावा नाहीसा होतो. रस्त्यावर इतक्या जोरात आणि इतका वेळ कुणी वळतच नाही, म्हणून गाडी बनवणाऱ्यानेही त्याची फिकीर केलेली नसते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. लक्षण बॉनेटखाली दिसलं, म्हणून दिवसभर आम्ही बॉनेटखालीच वाकलो होतो. बिघाड मागच्या सीटच्या जागेखाली होता.

बड्या पथकांचीही यातून सुटका नाही, आणि संध्याकाळी पॅडॉकमध्ये असेच किस्से निघतात. २०१६ साली ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत टोयोटाची गाडी आघाडीवर होती. शेवटची काही मिनिटं उरली असताना काझुकी नाकाजिमाच्या गाडीची ताकदच गेली. टर्बो आणि इंटरकूलर यांच्यामधल्या हवेच्या नळीचा एक जोड निकामी झाला होता. इंजिन धडधाकट, आणि जिंकली पोर्श. १९८७ च्या हंगेरीच्या शर्यतीत नायजेल मॅन्सेल पहिला होता, सहा लॅप उरल्या होत्या, आणि एका चाकाचं नट निखळून गेलं. हा किस्सा ऐकल्यावर जो तो उठून आपल्या चाकांची नटं टॉर्कच्या पान्याने तपासतो. मीही तपासली.

रविवारी टाकी काठोकाठ भरून सुरुवात केली. गाडी जड, ब्रेक थोडा आधी मारावा लागायचा, पण उजव्या वळणातून बाहेर पडताना इंजिनाने हूं की चूं केलं नाही. मागून तिसऱ्या जागेवरून निघाले होते, काही गाड्या ओलांडल्या, एकदा विनाकारण रुंद गेले. शर्यतीचं एवढंच.

तापमानाचा काटा मात्र अजूनही नाचत होता. शर्यतीच्या मध्यावर लक्षात आलं की मी रेडिएटरच्या फॅनचं बटण दाबते त्याच क्षणी तो उडी मारतो. बटण बंद केलं की त्याच क्षणी खाली. आता इंजिनभर पाणी काही क्षणात तापत नाही आणि क्षणात निवतही नाही. ऑइलचा दाब आणि ऑइलचं तापमान दोन्ही जागच्या जागी होते. तेव्हा पाणी तापलेलं नाही, काटाच खोटं बोलतोय, असं ठरवून मी गाडी शेवटपर्यंत नेली.

झेंडा पडला, गाड्या एका रांगेत लावल्या, इंजिन बंद केलं. मग ट्रेलरकडे न्यायला सेल्फ मारला. नुसतं "टक्". पुन्हा "टक्".

मित्राने मल्टिमीटर काढला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. "मार सेल्फ." तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा दिसायला हवा. दोनच्या वर दिसला. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची तांब्याची पट्टी वरून धडधाकट होती, पण टोकाच्या लगीपाशी (जोडणीच्या कडीपाशी) वाकवल्यावर निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या निघाल्या. काट्याचाही उलगडा तिथेच झाला. फॅनचा करंट अल्टरनेटरकडे (इंजिनावरच्या वीज बनवणाऱ्या यंत्राकडे) परत जातो तो याच पट्टीतून. पट्टी तुटकी, म्हणून तिथे व्होल्टेज पडायचं, आणि इंजिनावर बसवलेल्या सेन्सरच्या अंगावर ते येऊन काटा वर सरकायचा. जंपर केबलची काळी वायर बॅटरीपासून थेट इंजिनाला लावली. पहिल्याच सेल्फला गाडी सुरू.

पट्टी आता नवी आहे. टाकीचा वाद मिटलेला नाही. मित्राचं म्हणणं, आत फोम भरावा, म्हणजे पेट्रोल हेलकावणार नाही. मला मुख्य टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये छोटी सर्ज टँक हवी आहे, जी वळणातही भरलेली राहील. त्यासाठी दुसरा पंप लागेल, नळ्यांचे जोड वाढतील, आणि जितके जोड जास्त तितकी गळायची ठिकाणं जास्त, असं तो मला रोज ऐकवतो. आमच्या गटाच्या नियमांत यातलं काय बसतं ते तांत्रिक तपासनिसांना विचारलं आहे. त्यांचं उत्तर येईपर्यंत टाकी भरून पळायचं.

नमस्कार.