कुरणाच्या कडेला, आवाज न करता

श्रोतेहो, नमस्कार. दोन वर्षांपूर्वी लेकीकडे अमेरिकेत गेलो असताना, सप्टेंबरअखेरीस, कॉलरॅडोतील रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये एल्क पाहण्याचा योग आला. एल्क हे आपल्या सांबरापेक्षाही थोराड हरीण असून, मोठ्या नराचे वजन ३०० किलोच्या पुढे जाते. हा त्यांच्या माजाचा हंगाम असल्यामुळे संध्याकाळी ५ पासून सकाळी १० पर्यंत कुरणात पायी उतरण्यास बंदी असते. जे पाहायचे ते रस्त्यावरूनच.

मोरेन पार्क नावाच्या कुरणाशी आम्ही गाडीचे इंजिन बंद करून, काचा उतरवून तासभर बसलो. ओढ्यापलीकडे वीसेक माद्या घेऊन उभ्या असलेल्या एका नरावर मी दुर्बीण रोखली होती. त्याने मान ताणून साद घातली. एवढ्या धिप्पाड जनावराची डरकाळी ऐकायला मी कान टवकारले होते, पण निघाली ती खालून चढत गेलेली बारीक शीळ, नवशिक्या पोराने पाव्यात जोराने फुंकावे तशी. तेवढ्यात पत्नीने कोपराला स्पर्श केला. मी 'थांब' अशी खूण केली. तिने पुन्हा डिवचले, मी पुन्हा झिडकारले. तिसऱ्यांदा मात्र चिडून वळलो, तर तिच्या खिडकीपासून दहा हातांवर एक मादी आणि तिचे पाडस चरत होते. गवत तुटल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. पत्नीच्या हातात थर्मासच्या झाकणात ओतलेला चहा होता. टक्क असा आवाज होईल या भीतीने तिने तो खाली ठेवला नाही, की प्यालाही नाही. मादीचे कान आमच्याकडे वळत, पुन्हा फिरत. नर पलीकडे शीळ घालतच होता, पण माझी दुर्बीण मांडीवर पडलेली होती.

म्हणून पुन्हा सांगतो, इंजिन बंद, बोलणे बंद, आणि वारा त्यांच्याकडून आपल्याकडे येणारा असावा. तेथील नियमाप्रमाणे ७५ फुटांच्या आत आपण होऊन जायचे नाही. ती आपल्याजवळ आली, तर गाडीतच बसून राहायचे. आपल्याकडच्या सफारीत जिप्सीतून 'दिसला का, दिसला का' असा जो गलका चालतो, त्याने वाघ तर सोडाच, मोरही थांबत नाही. वेफर्सची पाकिटे तर जंगलाच्या फाटकावरच जमा करून घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

या भागातील एल्क शिकारीमुळे जवळजवळ संपले होते. १९१३ आणि १९१४ मध्ये यलोस्टोनहून काही आणून सोडले गेले, आणि त्यांतून पुढे कळप वाढले.

ती मादी अंधार पडेपर्यंत तिथेच होती. चहा केव्हाच गार झाला होता. पत्नीने तो तसाच पिऊन टाकला, आणि परतताना दुर्बीण स्वतःच्या पर्समध्ये घातली.